सगळ्या लातूरचा फोटो, दादाचा सोडून

फोटोच्या दुकानात किस्से जमवायला वेगळं काही करावं लागत नाही. दारात एक बाकडं ठेवायचं, बस्स. माणूस आत येतो, आरशात बघून भांग पाडतो, तोंडाला पावडर लावतो आणि स्टुलावर बसला की दुसराच कुणीतरी होतो. मान ताठ, डोळे मोठे, श्वास बंद. आमचा दादा म्हणायचा, "श्वास घ्या पाव्हणं, फोटोत श्वास दिसत न्हाई." फोटो निघाला की तो माणूस परत पहिल्यासारखा होतो, बाकड्यावर बसतो आणि स्वतःची फजिती सोडून बाकी सगळ्यांची सांगतो.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, उत्तम. लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत पुढं त्याचा स्टुडिओ, मागं आमचं घर. तो जाऊन पाच महिने झाले. कावीळ झाली आणि आठ दिवसांत सगळं संपलं. सकाळी शटर उघडताना मी अजूनही "दादा, चावी दे" म्हणतो, आणि चावी माझ्याच खिशात असते.

आता गंमत बघा. ज्यानं दहा वर्षं सगळ्या लातूरचे फोटो काढले, त्याचा स्वतःचा एकही फोटो घरात निघाला नाही. लग्न झालं असतं तर त्यात तरी सापडला असता. मुलीकडच्यांनी फोटो मागितला तेव्हा हा म्हणाला, "फोटो कशाला? ओरिजिनलच घेऊन येतो." ते स्थळ तिथंच फिसकटलं. आम्ही बौद्ध. तो गेल्यावर केलेल्या पुण्यानुमोदनाला मेणबत्त्या होत्या, पांढरी फुलं होती, आणि फोटोच्या जागी आम्ही त्याचा कॅमेरा ठेवला होता.

आईला ते लागलं. "भिंतीवर उत्तमचा फोटो पाहिजे," म्हणाली. "हातानं रंगवलेला नको, नटवलेला नको. बघितलं की तो घरात हाय असं वाटलं पाहिजे."

तेव्हापासून जो तो दुकानात यायचा आणि विचारायचा, "फोटो सापडला का?" मी नाही म्हणायचो. मग तो बाकड्यावर बसायचा आणि दादाची एक गोष्ट सांगायचा. काही त्यांच्या, काही माझ्या, अशा मिळून आता इतक्या झाल्यात की लिहून काढलेल्या बऱ्या.

*

लातूर जिल्हा झाला आणि आमचा धंदा वाढला. आधी जिल्ह्याच्या कामाला उस्मानाबाद गाठावं लागायचं. आता कचेऱ्या लातुरात आल्या, आणि कुठल्याही कचेरीत कसलाही अर्ज करा, त्याला फोटो लागायचाच.

गिऱ्हाइकांसाठी दुकानात एक काळा कोट होता. मागून उसवलेला, पुढून ऐटदार. फक्त वरून दुसरं बटन नव्हतं. ज्याला ढगळ व्हायचा त्याच्या पाठीला दादा कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचा. पुढून बघितलं तर माणूस बॅरिस्टर.

एक दिवस एका नव्या कचेरीतले हेडक्लार्क आले. त्यांनी पिशवीतून अर्जांचा गठ्ठा काढून काउंटरवर आपटला.

"हे काय आहे? शिपायाच्या जागेला अर्ज आलेत. सगळ्यांच्या कोटाला दुसरं बटन नाही."

"मग तुमचं काम सोपं झालं साहेब," दादा म्हणाला. "कोट बघूच नका, तोंडं बघा."

साहेब तापले. ज्याच्या अंगावर धड सदरा नाही तो कोटात दिसतो, ही फसवणूक आहे म्हणाले.

"तोंड त्याचंच हाय ना?"

"तोंड त्याचंच आहे."

"मग?"

साहेबांनी अर्ज गोळा केले. गठ्ठा पिशवीत घालून निघाले आणि दारातच थांबले. त्यांचंही ओळखपत्र व्हायचं होतं. "आलोच आहे तर बसतो," म्हणाले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. त्यांचा बुशशर्ट घामानं पाठीला चिकटला होता. त्यांनी आरशात बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "तो कोट कुठाय?"

अजून ते साहेब त्याच कचेरीत आहेत. त्यांच्या ओळखपत्रावर दुसरं बटन नाही.

*

दादा रीटचिंग नांदेडला शिकला. रीटचिंग म्हणजे काचेवरच्या निगेटिव्हला बारीक पेन्सिल लावून चेहरा साफ करायचा. त्यात दादाचा एक नियम होता. मुरूम काढायचा, तीळ काढायचा नाही. "मुरूम आठ दिवसांत जाणारच हाय," म्हणायचा. "तीळ त्या माणसाचा हाय. आपण कोण काढणार?"

देगलूरहून एक गृहस्थ मुलीला घेऊन लातुरात आले. स्थळाला पाठवायला फोटो पाहिजे होता. मुलीच्या तोंडावर लहानपणच्या देवीचे वण होते. वडील म्हणाले, "एवढे वण काढून टाका. आणि रंग जरा उजळ करा."

"काढतो की," दादा म्हणाला. "पण फोटोतली ही दुसरी मुलगी लग्नाच्या दिवशी कुठून आणायची?"

वडील चिडले. "नांदेडात सगळे काढून देतेत. तुम्हालाच काय जड झालं?"

मुलगी इतका वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. ती म्हणाली, "काढा की. गोरी बी करा. आन् त्या नवऱ्याला सांगा, फोटोच घेऊन जा, मी देगलुरात बरी हाय."

बापालाच हसू आलं. फोटो वणांसकट गेला.

दोन महिन्यांनी ते गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन हजर. लग्न ठरलं होतं. दादानं विचारलं, "मुलाकडचे फोटोला काय म्हणाले?"

"म्हणाले, दहा स्थळांचे फोटो आले. नऊ एकाच मुलीचे वाटले."

*

मग ते दुष्काळाचं साल आलं. फोटोचं काम सगळं पाण्याचं. कागद औषधातून काढला की भरपूर पाण्यात धुवावा लागतो. नाही धुतला तर वर्षभरात फोटोतला चेहरा पिवळा पडतो. आणि नळाला तर आठ-आठ दिवस पाणी नाही. शेवटी दादानं दारावर पाटी लावली, 'फोटो काढणाराने एक घागर पाणी सोबत आणावे.'

लोक खरंच आणायचे. बँकेतला मॅनेजर स्कूटरवर पुढं घागर ठेवून आलेला मी बघितलाय.

औशाकडचं एक जोडपं आलं. बाईच्या काखेत घागर. एसटीत हिंदकळून थोडं सांडलं होतं, थोडं शेजारच्या म्हातारीनं पिऊन टाकलं होतं. घागर अर्धी राहिली होती.

दादानं आत डोकावून बघितलं. "दोघांचं काम ह्यात होणार न्हाई. एकाचा फोटो होईल."

नवऱ्यानं टोपी सारखी केली आणि स्टुलाकडं निघाला.

"तुम्ही कुठं निघाले?" बाई म्हणाली. "पाणी मी आणलं."

फोटो बाईचाच निघाला. नवरा बाजूला उभा होता. त्याचा एक कान आलाय त्यात.

*

त्याच उन्हाळ्यात पुण्याहून एक पत्रकार आला. गळ्यात चांगला कॅमेरा. दादाला म्हणाला, "मला दुष्काळाचा चेहरा पाहिजे. गाव दाखवा."

"चेहरे इथंबी हायेत," दादा म्हणाला.

"नाही, अजून आतलं गाव."

आम्ही निलंग्याच्या बाजूला एका गावात गेलो. दारात एक म्हातारी बसलेली. तोंडावर सुरकुत्यांचं जाळं. पत्रकार खूश. त्यानं कॅमेरा उचलला, तर म्हातारी "थांबा जरा" म्हणून आत गेली. बाहेर आली ती तोंड पुसून, केस चोपून, हिरवं लुगडं नेसून. आणि हसत.

"आजी, थोडं उदास बसा ना."

"कशापायी?"

"दुष्काळ आहे ना."

"दुष्काळ रानात हाय बाबा. माझ्या तोंडावर कशाला आणू?"

पत्रकारानं बराच वेळ प्रयत्न केला. म्हातारी काही उदास होईना. उलट तिनं आम्हाला बिनदुधाचा चहा पाजला. शेवटी त्यानं झालं म्हणून कॅमेरा खाली घेतला. म्हातारी अंगणात उभी राहून वर बघत होती. तेवढ्यात पत्रकारानं खटकन बटन दाबलं.

आठ दिवसांनी पेपरात अर्धं पान फोटो. म्हातारीचं तोंड वर, कपाळाला आठ्या, ओठ उघडे. खाली लिहिलं होतं, 'आभाळाकडे डोळे लावून.' दादा तो पेपर घेऊन मुद्दाम त्या गावी गेला, मीही त्याच्या गाडीवर मागं बसून गेलो. दादानं म्हातारीला ते वाचून दाखवलं.

"आभाळ कुठलं?" ती म्हणाली. "आमचं म्हातारं लिंबावर चढलं होतं, शेळीला पाला काढायला. मी म्हणून राहिले होते, उतर, हाडं मोडून घेशील."

म्हातारा तिथंच खाटेवर होता. त्यानं पेपर मागून घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "मग मी कुठाय ह्यात?"

*

जिल्हा नवा, त्यामुळं मंत्री फार यायचे. दादा ब्रशचं कामही करायचा, म्हणून स्वागताच्या कमानीवरचा चेहरा त्याच्याकडं आला. कार्यकर्त्यांनी जो फोटो दिला तो मंत्र्यांच्या तरुणपणीचा. काळेभोर केस, निमुळती हनुवटी.

"आत्ताचा द्या," दादा म्हणाला.

"साहेबांना हाच आवडतो."

दादानं हुबेहूब रंगवला. मंत्री गाडीतून उतरले. टक्कल, दोन हनुवट्या. कमानीखाली थांबले, वर बघत राहिले. मग शेजारच्या कार्यकर्त्याला विचारलं, "हा आपला कुठल्या तालुक्याचा?"

कार्यकर्ते गार पडले. दादा गर्दीत पुढंच होता. म्हणाला, "तुम्हीच हाव साहेब. जरा जुने."

*

आमच्या नात्यातल्या एका गावानं विहार बांधला आणि दादाला बुद्धाचं मोठं चित्र सांगितलं. दादा महिनाभर नुसता फिरत होता. छापील चित्रावरून काढायचं नाही म्हणायचा. "त्या चेहऱ्यावरची शांती कुणाच्या तरी तोंडावर बघितल्याबिगर कशी काढू?"

आणि ती शांती त्याला आडत बाजारात सापडली. लक्ष्मण नावाचा एक हमाल. सकाळपासून पोती वाहून दुपारी करडईच्या थप्पीवर टेकायचा. डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर हसू आहे की नाही कळू नये असं. बाजूला व्यापाऱ्यांची बोंबाबोंब, आणि हा त्यात नाहीच. दादा पंधरा दिवस रोज दुपारी त्याच्यासमोर कागद घेऊन बसला. लक्ष्मणला पत्ताच नाही.

चित्र उतरलं. विहाराच्या कार्यक्रमाला दादानं लक्ष्मणला आणि त्याच्या बायकोला सोबत नेलं. वंदना झाली, पडदा सरकला, सगळ्या माणसांनी हात जोडले. कुणीतरी म्हणालं, "काय शांती आहे चेहऱ्यावर."

लक्ष्मणची बायको चित्राकडं बघत होती, मग नवऱ्याकडं, परत चित्राकडं. दादाच्या कानाशी येऊन म्हणाली, "भाऊ, तुम्ही ह्यांना कुठं बघितलं? घरी असे कधीच बसत न्हाईत."

*

खेड्यात पुष्कळ माणसांचा जन्मात फोटो निघत नाही. मग माणूस गेलं की घरचे फोटोग्राफरला बोलावतात. मयताला खुर्चीत टेकवून बसवतात, फोटो काढतात आणि नंतर ब्रशनं डोळे उघडे करायचे असतात. हे काम दादा फार जपून करायचा. घरच्यांना विचारायचा, बुबुळं कशी होती, पापणी जड होती का, बघताना एक डोळा बारीक करायचे का.

एकदा असा एक फोटो आला आणि दादा तापानं पडला. मला घाई. मी कुणाला काही विचारलं नाही. ब्रश घेतला आणि डोळे काढून टाकले. मोठे, मायाळू, समोर बघणारे.

दादानं उठल्यावर बघितलं. "कुणाचे काढलेस?"

"कुणाचेच न्हाई. चांगले काढले."

"चांगले कुणी मागितले होते?" तो म्हणाला. मला दोन लगावतो की काय असं वाटलं. तो ते पुसून परत काढणार, तेवढ्यात त्या माणसाची बायकोच दारात. म्हातारीनं फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला.

"जन्मात कधी माझ्याकडं असं बघितलं न्हाई ह्या माणसानं."

"मावशी, दोन दिवस द्या," दादा म्हणाला. "चूक झाली. दुरुस्त करून देतो."

म्हातारीनं फोटो पदराखाली घेतला.

"राहू द्या. आता बघायलेत तर बघू द्या."

*

दादा गेला त्या सकाळी मीही कॅमेरा हातात घेतला होता. आईनं माझा हात धरला. मी कॅमेरा ठेवून दिला. म्हणून मग फोटो शोधणं आलं.

मी नांदेडला गेलो, करीमचाचांकडं. दादा त्यांच्याच हाताखाली शिकलेला. चाचांना डोळ्यांनी आता कमी दिसतं. दादाचं ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "है बेटा, उत्तम का फोटू है मेरे पास. बारा बरस शोकेस में था."

मला रडूच आलं. चाचांनी कपाट उघडून कागदात गुंडाळलेला मोठा फोटो काढला. दादा अठरा वर्षांचा. पण काय दादा तो! ओठ लाल, गाल गुलाबी, कपाळावर कुरळी बट, मागं तळं आणि तळ्यात हंस.

"सब बच्चे इसीच पे रीटचिंग सीखे," चाचा म्हणाले. "जो आया, उसने थोडा थोडा सुधारा."

परतीच्या एसटीत मी तो कागद सोडून बघायचो, परत गुंडाळायचो. अहमदपूर आलं तेव्हा इतका राग आला होता की खिडकीतून फेकून देणार होतो. शेजारचा प्रवासी म्हणाला, "सिनेमातला हाय का?"

घरी येऊन आईपुढं धरला. तिनं हात पुसून फोटो घेतला, उजेडाला नेला.

"देखणं हाय पोरगं," म्हणाली. "कुणाचं हाय?"

दुसऱ्या दिवशी मी वेगळंच केलं. लोक म्हणतात आम्ही दोघं भाऊ तोंडावळ्यानं एक. मी मिशी कोरून दादासारखी बारीक केली, भांग डावीकडं पाडला, त्याचा चौकड्यांचा शर्ट घातला. गल्लीतल्या एकाला बटन दाबायला सांगितलं. फोटो धुतला. मला स्वतःलाच तो बघून गलबलून आलं. हुबेहूब दादा.

आईनं एकदाच बघितलं आणि परत दिला.

"ह्यो तू हायस. आन् जेवला न्हाईस."

*

त्यानंतर आठवडाभरानं आई पडदा सरकवून दुकानात आली. दादा गेल्यापासून ती पुढं आली नव्हती. "न नेलेले फोटो कुठं हायेत?" म्हणाली.

प्रत्येक स्टुडिओत असे फोटो असतात. माणसं काढून जातात, न्यायला येत नाहीत. आमचे एका बिस्किटाच्या डब्यात आहेत. आई जमिनीवर बसली आणि एक एक काढून बघायला लागली.

"आई, ह्यात दादा कुठं सापडणार? हे गिऱ्हाइकांचे हायेत."

"म्हाईत हाय मला."

दुपार गेली. डब्यातली सगळी माणसं ताठ. एकसारखी मान, एकसारखे डोळे. मग एका फोटोवर आईचा हात थांबला. त्यात एक गडी तोंड उघडून हसत होता. सगळे दात दिसत होते, डोळे मिटायला आले होते, आणि तो कॅमेऱ्याकडं बघतच नव्हता. कॅमेऱ्याच्या थोडं उजवीकडं बघत होता. दादा फोटो काढताना तिथंच उभा राहायचा, हातात फोटो काढायचा रबराचा फुगा घेऊन, बोलत.

मी फोटो उलटा केला. मागं दादाचं अक्षर होतं, 'बसप्पा, देगलूर. लायसनसाठी. दात दिसतात, परत काढला.'

"ह्यो मोठा कर," आई म्हणाली.

"आई, ह्यो कोण हाय आपला?"

"कोण का असंना. उत्तमकडं बघून हसून राहिला."

मी मोठा केला. काच लावून आणली. दुकानाच्या भिंतीवर, स्टुलासमोर, आईनं स्वतः तो टांगला आणि स्वतः हार घातला. लोक यायचे, हात जोडायचे, बघायचे. एकजण तर म्हणाला, "शेवटी शेवटी लई बदलला होता उत्तम."

पंधरा दिवसांनी एक टेम्पोवाला दाल मिलवर तूर उतरवून दुकानात आला. लायसन बदलायचं होतं, फोटो पाहिजे होता. दादा गेल्याचं त्याला गंजाच्या बाजारात कळलं होतं. त्यानं दारातच चप्पल काढली, सरळ भिंतीपाशी गेला, डोळे मिटून हात जोडले.

"लई चांगला माणूस," म्हणाला. मग डोळे उघडून वर बघितलं.

बराच वेळ बघत होता. मी काउंटरमागं.

"भाऊ," तो म्हणाला. "मी कधी गेलो?"

मी त्याला सगळं सांगितलं. दादाचा फोटो नाही ते, आईची अट, डबा. बसप्पा ऐकत होता, मधूनच भिंतीकडं बघत होता. आवाज ऐकून आई बाहेर आली. तिनं बसप्पाला बघितलं, मग फोटोला, आणि त्याचा हात धरला.

"त्या दिवशी काय म्हणला होता रे तो? कशाला हसलास एवढा?"

"अव्वा, तीन वर्षं झाली. आठवत न्हाई." देगलूरकडं आईला अव्वा म्हणतात.

"आठव."

"लई हसलो होतो, एवढं ध्यानात हाय. मी असा बसलो होतो..."

"मग तसाच बस."

बसप्पा स्टुलावर बसला. मान ताठ, डोळे मोठे, श्वास बंद. मी काळ्या कापडात डोकं घातलं. आमच्या कॅमेऱ्यात माणूस काचेवर उलटा दिसतो, डोकं खाली, पाय वर. उलटा बसप्पा मुकाट बसला होता. आई कॅमेऱ्याच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली.

मग काचेवर बसप्पाच्या मिशा हलल्या.

मी कापडातून डोकं बाहेर काढलं. त्यानं ओठ दाबून धरले होते, खांदे हलत होते, आणि एकदम त्याला हसू फुटलं. स्टूल हलायला लागलं.

"आठवलं?" आई म्हणाली.

त्यानं होकाराची मान हलवली. हाव.

"मग सांग की."

तो सांगायला तोंड उघडायचा, आईच्या बाजूला बघायचा आणि परत हसायचा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं त्याच्या. "उत्तमभाऊ म्हणला..." एवढंच दोनदा म्हणाला.

"सांग की रे मेल्या," आई म्हणत होती. तिनं पदर तोंडाला लावला होता, आणि पदराच्या आत ती हसायला लागली होती.

मी फुगा दाबला. लायसनला तो फोटो चालला नाही.